रेतीतून ओ आली

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने इथेच सोडावी, माझं काही अडत नाही.

रात्रीची असती तर मीच म्हटलं असतं, बाई, तुझ्या डोळ्यांवर झोप होती. पण ही भर दुपारची आहे. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. मार्कंड्याच्या जत्रेला गेलेले लोक सकाळीच परत आले होते. ऊन असं तापलेलं की रेतीकडे बघवत नव्हतं. आणि मी एकटी नव्हते, अर्धं गाव उभं होतं तिथे.

जागा म्हणजे आमचं गाव. गोंडपिपरी तालुका, वैनगंगेचा काठ. नाव लिहीत नाही. लिहिलं की उद्या पोरं मोबाईल घेऊन येतील आणि वर माझ्याच दारात चहा मागतील.

मी गुणाबाई. या घरात माझा शब्द चालतो. कमी शिकलेली आहे, पण कान शाबूत आहेत.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पूर आला. पूर आम्हाला नवा नाही, पण तसा पूर मी पाहिला नव्हता. पाणी समोरून आलंच नाही. मागच्या नाल्यातून उलटं आलं, चोरासारखं. गाव सगळं उंचावरच्या शाळेत जाऊन बसलं. माझा धाकटा दीर झिंगू, तोही आला. त्याला मी लहानाचा मोठा केला होता. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या अंगात चड्डी नव्हती.

शाळेत बसल्यावर त्याला आठवलं, बैल गोठ्यातच बांधलेले आहेत.

मी म्हटलं, "जाऊ नको गा. बैल दुसरे घेता येतील."

तो आधी खाकरला. काहीही बोलायच्या आधी खाकरायची सवय त्याची. मग म्हणाला, "आलोच वहिनी."

बैल आले. पोहत आले, गळ्यात कापलेलं दावं घेऊन.

झिंगू आला नाही.

मासे धरणाऱ्या ढिवर लोकांनी डोंगे घालून पार प्राणहितेपर्यंत शोधलं. अंग सापडलं नाही. म्हणून सायत्राने, म्हणजे माझ्या जावेने, कुंकू पुसलं नाही. दहावं नाही, तेरावं नाही. रोज त्याचं ताट वाढून ठेवायची आणि समोर बसायची. लोक मला सांगायला यायचे, बाई, तुम्ही मोठ्या आहात, समजवा तिला. मी म्हणायची, तुमच्या घरचा तांदूळ जातो का?

मग शहरातले बातमीवाले आले. एकाने माझ्या तोंडासमोर माईक धरला आणि विचारलं, आजी, पाणी घरात आलं तेव्हा कसं वाटलं? मी सांगितलं, ओलं वाटलं.

हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्या दिवशी कुठल्याशा पेपरात दोन ओळी आल्या. दारूच्या नशेत इसम पुरात वाहून गेला. झिंगूने जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता. सायत्राला वाचता येत नाही, तरी कोणीतरी तिला वाचून दाखवलंच. असले लोक प्रत्येक गावात असतात.

माझी सून मयुरी बारावी शिकलेली. तो पेपर घेऊन ती गोंडपिपरीला नसीमभाऊकडे गेली. नसीमभाऊचं तिथे झेरॉक्सचं दुकान आहे आणि छोटंसं साप्ताहिक आहे, तेच लिहितात, तेच छापतात, तेच वाटतात. ते म्हणाले, त्या पेपरवाल्याशी भांडत बसू नको बेटी, तुमच्या गावची खबर तुम्हीच सांगा. मोबाईलवर कसं बोलायचं, लोकांचं बोलणं कसं काढायचं, कसं पाठवायचं, सगळं शिकवलं.

तेव्हापासून आमच्याकडे 'गावाची खबर' चालते. कोणाच्या घराची भिंत पडली, कोणाला मदत मिळाली नाही, कोणत्या विहिरीचं पाणी पिऊ नये. मयुरी घरोघर जाते, लोक स्वतःच्या तोंडाने सांगतात.

नेम एकच. ज्याची खबर आहे त्याला आधी ऐकवायची. त्याने 'हाव' म्हटलं तरच बाहेर जाणार. नाही म्हटलं तर पुसून टाकायची, मग ती कितीही मोठी असो. झिंगूच्या त्या दोन ओळींमुळे हा नेम झाला होता.

याच नेमाने पुढे आमचा घात केला.

पूर गेला आणि मागे रेती ठेवून गेला. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं. एकही धुरा उरला नाही. झाडं नाहीत, हद्दीचे दगड नाहीत. माणसाला आपली बांधी ओळखू येईना. बापजाद्यांनी ज्या मातीत हात घातले ती मांडीभर रेतीखाली गेली, आणि वर सगळं सारखं, पांढरं. म्हातारे लोक येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. लेकीचं तोंड विसरावं तसं व्हायचं त्यांना.

त्यात मोजणी लागली. साहेब येणार, नकाशा आणणार. पण नदीनेच काठ बदलला, तर नकाशा काय बोलणार? जिथे नकाशा अडेल तिथे शेजारी सांगेल तो धुरा, असं ठरलं.

म्हणून गावाने हाक घालायचं ठरवलं.

हाक आमची जुनी रीत आहे. मोठ्या पुरानंतर घालतात. आपल्या बांधीच्या कडेला उभं राहायचं, शेजाऱ्याला नावाने हाक मारायची. त्याने आपल्या कडेवरून ओ द्यायची. दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं, जिथे पटेल तिथे पळसाची खुंटी ठोकायची. मालक नसेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने ओ द्यायची, नाहीतर त्याच्या लग्नाच्या बायकोने. दुसऱ्या कोणाची चालत नाही. आणि तीन हाका रिकाम्या गेल्या, तर हाक मारणारा उभा असेल तोच धुरा.

आता नीट ऐका. गावाकडून नदीकडे निघालं की आधी माझी बांधी, मग झिंगूची, मग मुखरूची, मग नदी. मुखरूची अर्धी बांधी नदीने खाल्ली होती. तो काही राक्षस नाही. झिंगूचा वर्गसोबती. पण दरवर्षी नांगरताना झिंगूचा धुरा थोडा थोडा कोरायची खोड त्याला आधीपासून. आता तर धुराच नव्हता, आणि झिंगूही नव्हता.

झिंगूला मूलबाळ नाही. माझे मालक कधीच वारले. माझा मुलगा धनराज मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. रेतीत काय पिकणार, पोट भरायला जावंच लागतं.

उरली सायत्रा. तिने ओ दिली नसती, तर ती बांधी गेली असती. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी सकाळपासून तिच्या मागे लागले होते. ती एकच सांगायची.

"बाई, मी त्यायच्या जागी ओ देली, त ते गेले असं होते. मी नाई देत."

मी खूप बोलले तिला. जे बोलायचं ते आणि जे बोलायला नको तेही. ती उठली नाही.

दुपारी सगळे रेतीवर जमले. नसीमभाऊही आले होते, चांगला माईक घेऊन. मयुरी मोबाईल धरून. बाकीच्या हाका छान झाल्या. कोणी रडलं, कोणी हसलं. एका म्हाताऱ्याने ओ देताना बैलाला देतात तशी आरोळी दिली. वरती टिटव्या नुसत्या ओरडत होत्या. मजाच चालली होती.

मग मुखरूची पाळी आली.

तो आपल्या बांधीतून निघाला आणि गावाच्या दिशेने चालत सुटला. झिंगूच्या बांधीच्या जवळपास मधोमध येऊन थांबला. तोंड आमच्याकडे, पाठ नदीकडे.

मी ओरडून म्हटलं, "मुखरू, अजून ये ना पुढे. माह्या चुलीपाशीच ये, चहा मांडते."

लोक हसले. तो म्हणाला, "बाई, धुरा दिसून राह्यला काय तुमाले? मले त नाई दिसून राह्यला."

आणि त्याने पहिली हाक मारली.

"झिंगू... ए झिंगू..."

कोणी नाही. मी गावाकडे वळून बघितलं. सायत्राचा पत्ता नव्हता.

दुसरी हाक.

कोणी नाही. पण काहीतरी बदललं. मला आधी कळलं नाही काय ते.

टिटव्या गप्प झाल्या होत्या...

वारा पडला होता. माझा पदर खांद्यावरून लोंबत होता, हलत नव्हता. एवढी मोठी नदी समोर वाहते, तिचा आवाज रात्री घरात येतो... तो आवाज नव्हता. पाणी चालताना दिसत होतं, पण आवाज नव्हता.

मुखरूलाही जाणवलं असावं. तिसरी हाक त्याने हळू मारली. लाज वाटल्यासारखी.

"झिंगू..."

आधी खाकरल्याचा आवाज आला...

मग...

"ओ."

मी त्या पोराला बोबडं बोलताना ऐकलेलं आहे. त्याचा आवाज मला कोणी शिकवायला नको.

"ओ... इथीच आहो मी."

आवाज मुखरूच्या मागून आला. नदीच्या बाजूने. जिथे जुना धुरा असायचा, तिथून.

मुखरूने मान वळवली नाही. तो आमच्या तोंडांकडे बघत होता. आमची तोंडं बघूनच त्याला कळलं की मागे काहीतरी आहे.

आणि आम्हाला तर त्याच्या मागे काहीच दिसत नव्हतं. लख्ख ऊन, रेती, आणि पाणी.

"बाई," तो म्हणाला, "माह्या मागं कोण हाय?"

मी म्हटलं, "कोणी नाई. मागं सर हळूहळू. जिथला आहेस तिथी जा."

पण मागे सरायचं म्हणजे त्या आवाजाकडेच सरायचं. दुसरी वाट नव्हती. त्याने डोळे मिटले. एक एक पाऊल मागे टाकत गेला. खुंटी छातीशी धरलेली. कोणी खोकलंसुद्धा नाही. तो मागे जात राहिला, जात राहिला...

"बस."

एवढंच. त्याच्या कानाच्या अगदी जवळून.

मुखरूने तिथेच खाली बसून खुंटी रोवली. हातोडा नव्हता, मुठीने ठोकली. मग उठला आणि पळाला तो सरळ गावाकडे नाही, लांबचा फेरा घेऊन, झिंगूच्या बांधीत पाऊल न ठेवता.

तो गेल्यावर नदीचा आवाज परत सुरू झाला.

माणूस भ्यायला की दोनच दिवस शहाणा राहतो. मुखरू एकच दिवस राहिला. दुसऱ्या सकाळी खुंटी उपटलेली सापडली. तो पारावर बसून सांगत होता, वारा होता, लोकांनी उगाच कान टवकारले. मोजणी तर दारात आली होती.

पण मयुरीच्या मोबाईलमध्ये सगळं निघालं होतं. नसीमभाऊच्या माईकमध्ये तर आणखी साफ. समाजमंदिरात गाव बसवून त्यांनी ते भोंग्यावर लावलं. तीन हाका... खाकरणं... ओ.

मुखरू म्हणाला, "हा त धनराजचा आवाज हाय. तेलंगणातून फोनवर बोलवला असन सुनेनं."

माझ्या सुनेला माझ्या देखत खोटं पाडलं त्याने. मी उठलेच होते, नसीमभाऊंनी हात जोडून बसवलं. ते म्हणाले, ही खबर आज बाहेर गेली तर सगळा तालुका झिंगूचा आवाज ऐकेल. त्याला ओळखणारे बाजारात, गिरणीत, सगळीकडे आहेत. मग मुखरूभाऊ कोणाकोणाला खोटं पाडतील? मोजणीवाल्यासमोर गावच उभं राहील.

मयुरी म्हणाली, "पण भाऊ, नेम."

ज्याची खबर त्याला ऐकवल्याशिवाय नाही.

सगळ्यांनी सायत्राकडे बघितलं. ती दाराशी बसली होती. तिने आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तोंडावर असं काही आलं होतं की मला नवी नवरी सायत्रा आठवली.

नसीमभाऊ म्हणाले, "काकू, तुम्ही हाव म्हटलं की झालं."

ती म्हणाली, "माही खबर नोहे ते. त्यायची हाय. त्यायले विचारा."

नसीमभाऊ पुढे सरकले.

"काकू, असं कसं विचारणार..."

"तुमीच त नेम केला, भाऊ. त्यायले न विचारता त्या पेपरवाल्यानं लेहलं. आता तुमीबी तसंच करता काय?"

नसीमभाऊंनी माईक पिशवीत घातला. आज विचार करते तेव्हा वाटतं, कोणीतरी नुसतं उठून भोंगा बंद करायला हवा होता. पण नेम म्हणजे नेम. आम्ही स्वतःच केलेला.

सायत्राने मयुरीचा मोबाईल मागून घेतला. कुठे दाबायचं ते शिकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली. मयुरी चप्पल घालायला लागली. मी म्हटलं, "तू नाई. लेकराची माय आहेस. मी जाते."

रेतीपर्यंत आम्ही बरोबर गेलो. माझ्या बांधीच्या कडेला ती म्हणाली, "बाई, तुमी इथीच राहा."

सायत्राने मला काय करायचं ते कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशी सांगितलं. आणि मी ऐकलं.

ती एकटी पुढे गेली. जिथून परवा आवाज आला होता, तिथे जाऊन बसली. ताटासमोर बसायची तशीच, एक गुडघा वर करून. मोबाईल लावला. मला लांबून ऐकू आलं. मुखरूच्या हाका. मग झिंगूची ओ, यंत्रातली, बारीक.

मग ती बोलायला लागली.

शब्द कळत नव्हते. हळू बोलत होती. बोलायची, थांबायची. मान हलवायची. पुन्हा बोलायची. मधेच हसली. समोर कोणी बोलत असेल तर आपण जसं त्याच्यासाठी थांबतो, तशी थांबत होती.

मला समोर कोणी दिसत नव्हतं.

बराच वेळ गेला. ऊन अंगातून आरपार जात होतं. मला तिला हाक मारायची होती. त्या जागेच्या दिशेने कोणाचं नाव घ्यायला माझा जीव धजावला नाही.

मग तिने मोठ्याने विचारलं. हे मला स्पष्ट ऐकू आलं.

"मंग गावाले सांगू काय?"

मी तिच्याकडेच बघत होते. हे लक्षात ठेवा. तिचं तोंड मला दिसत होतं. विचारून झाल्यावर तिने ओठ मिटले होते.

नदीचा आवाज थांबला...

"हाव. सांगजो."

तो आवाज झिंगूचा नव्हता.

तो सायत्राचा होता.

तिच्या पुढून, नदीच्या अंगाने, रिकाम्या रेतीतून आला. आणि सायत्रा ओठ मिटून बसली होती. तिने सावकाश हात वर केला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. वस्तू होती त्या जागी नाही म्हणून चाचपावं, तसा.

मी धावत गेले. कुठून ताकद आली माहीत नाही. तिला उठवलं, गदागदा हलवलं. "सायत्रे, बोल. काय झालं, बोल."

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. श्वास आला. आवाज आला नाही.

त्या दिवसापासून माझी जाऊ एक शब्द बोललेली नाही. चंद्रपूरला नेलं. डॉक्टरने घशात नळी घालून बघितलं. म्हणाला, बाईंचा घसा माझ्यापेक्षा चांगला आहे, धक्का बसला असेल, येईल आवाज.

तिला धक्का वगैरे बसलेला नाही. ती खुशीत आहे. भीती वाटते ती त्याचीच.

खबर बाहेर गेली नाही. मी सगळं सांगितल्यावर मयुरीने विचारलं, "आई, मंजुरी भेटली, पण देली कोणं?" तिने ते मोबाईलमध्ये तसंच ठेवलं. पुसलं नाही, पाठवलं नाही.

मग मोजणी आली. साहेब तरुण होता, डोळ्यांवर काळा चष्मा, बरोबर यंत्र आणि छत्री धरणारा माणूस. गाव सगळं पुन्हा रेतीवर. मुखरू एका बाजूला हाताची घडी घालून. मी सायत्राला माझ्या शेजारी उभी केली होती आणि तिचं मनगट घट्ट धरलं होतं. ठरवलं होतं, नाव पुकारलं की मी साहेबाला सांगेन, बाई मुकी आहे, पण हीच मालकीण. मग मुखरू काय म्हणायचं ते म्हणू दे, मी आहे.

साहेबाने कागदात बघून पुकारलं. "झिंगूच्या जमिनीवर ताबा कोणाचा? सायत्राबाई हजर आहेत का?"

मी तोंड उघडलं...

"हाव साहेब. इथीच आहो मी."

समोरून. रेतीतून.

माझ्या हातात सायत्राचं मनगट होतं. ती माझ्या शेजारी होती. तिचे ओठ मिटलेले होते.

साहेबाने मान वर केली नाही. "बरं," म्हणाला आणि लिहिलं. "हद्द कुठवर?"

माणसं खाली रेतीकडे बघत होती.

मग मुखरू स्वतःहून निघाला. घामाने भिजला होता. जिथे ती खुंटी उपटली होती तिथे जाऊन उभा राहिला, आणि मग आणखी थोडा मागे सरला. स्वतःच्या उरलेल्या तुकड्यात.

"इथवर त्यायची, साहेब," तो म्हणाला. "माही काही हरकत नाई."

दगड रोवला गेला. बांधी सायत्राची राहिली. जे हवं होतं ते मिळालं, वर थोडं जास्तच मिळालं.

सायत्राने त्या रेतीत डांगरं, म्हणजे खरबुजं, लावली. रोज दुपारी जाते, उन्हं कलली की येते. डांगरं अशी आली की तालुक्यात कोणाची आली नसतील. गावात कोणी खाल्ली नाहीत. नसीमभाऊंनी एक नेलं होतं, तेही रस्त्यात ठेवून गेले म्हणतात.

दुपारी तिकडून जाणारे लोक सांगतात, दोघं बोलत असतात. धानाबद्दल, बैलांबद्दल. कधी भांडण. कधी तिचं हसू. मी विचारते, सायत्रा काय करत होती? सांगतात, ती आपली पाठ करून तण निंदत होती, बाई. गप्प.

गावाची खबर चालू आहे. रस्ता, वीज, मदत. गाव उचलून दुसरीकडे वसवायची बोलणी चालली आहेत, त्यावर मयुरी सगळ्यांना बोलतं करते. बरेच जण जायला तयार आहेत. सायत्राला विचारलं तेव्हा तिने नुसतं रेतीकडे बोट दाखवलं. मयुरीने पुढे विचारलं नाही.

आता माझं सांगते.

माझी बांधी झिंगूच्या लगत आहे. त्या बाजूची हाक माझी अजून राहिली आहे. पहिल्या मोजणीत ती बाजू सुटली, आता साहेब पुन्हा येणार आहे, कागद आला. मी या गावात आयुष्यभर वीतभर जागेसाठी लोकांची तोंडं बंद केलेली आहेत. हाक मारणं मला जड नाही. पण त्या बांधीची मालकीण आता सायत्रा आहे. म्हणजे मला कडेला उभं राहून, रेतीकडे तोंड करून, सायत्राला नावाने हाक मारावी लागेल.

सायत्रा आत्ता माझ्या समोर बसून लाखोळीची डाळ निवडते आहे. माझ्या हातचं जेवते. माझ्या बाजूला झोपते.

आणि हाकेला ओ तिथून आली... तर ही कोण आहे?

धनराज परत आलाय. रोज विचारतो, आई, हाक कधी घालणार? मी सांगते, गुडघे दुखतात बापा, रेतीत चालवत नाही.

गुडघे ठणठणीत आहेत माझे.